सलामीची खवलं

पाच वाजता समिधाचा ड्रॅगन पाटावर मरून पडला. निदान सान्वीचं म्हणणं तसं होतं. "मम्मी, हा ड्रॅगन नाहीये, ही सोललेली पाल आहे!" म्हणत तिने बेडरूमचं दार धाडकन लावून घेतलं. लेकीचा नववा वाढदिवस, आणि पार्टी सहाला.

ठाण्याच्या त्या टॉवरमध्ये वाढदिवसाला वेफर आणि सामोसे ठेवलेत तर लोक तुमची कीव करतात. तिथे चारक्युटरी बोर्ड लागतो. म्हणजे काय, तर फळीवर चीज, सलामी म्हणजे मांसाच्या पातळ चकत्या, द्राक्षं शोभेला मांडायची आणि खायच्या आधी फोटो काढायचे. शेजारच्या क्षिप्राने मागच्या महिन्यात परीचा महाल मांडलेला. म्हणून समिधाला ड्रॅगन हवा होता, चीजच्या किल्ल्याला वेटोळं घालून बसलेला. एवढी मोठी फळी घरात कुठली? लग्नातला पाट माळ्यावरून काढला. सलामीच्या चकत्यांची खवलं, खाकऱ्याचे पंख, सगळं मोबाईलमध्ये बघून केलं. पण जनावर उठेचना.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सासू. आवडाबाई, कोपरच्या खाडीकाठच्या, चाळीस वर्षं डोंबिवलीत मासळी विकणाऱ्या.

समिधाने घड्याळाकडे बघितलं. तिने सासूला आठला बोलावलेलं, म्हणजे पाहुणे गेल्यावर. का, ते दोघींनाही माहीत होतं. मागे लिफ्टमध्ये क्षिप्राने आवडाबाईंना बघून नाकाला रुमाल लावलेला आणि समिधा गप्प राहिलेली. फ्लॅट मासळीच्या पाटीच्या पैशावर उभा राहिला तर चालतो, पाटीचा वास तेवढा लिफ्टमध्ये नको. असली आपली माणसं, आणि त्यातलीच एक समिधा.

"आठाला उशीर व्हतो गो परत जायाला," आवडाबाई चपला काढत म्हणाल्या. "पोरीला बघतंय नि निंगतंय."

त्या थेट बेसिनकडे गेल्या. बराच वेळ नळ वाजत राहिला. मग येऊन पाटाकडे बघितलं आणि फिस्सकन हसल्या.

"हसताय काय आई? इथे माझा जीव चाललाय."

"खवलं उलटी लावलीस. डोक्याकडून सुरू केलीस नं?"

"मग कुठून करणार?"

"शेपटीकडून. खवलाचं उघडं तोंड शेपटीकडं पायजे. ह्याला पान्यात सोडलास त पानी आत शिरंल. मरंल बिचारा."

समिधाने हात फिरवून बघितला. चकत्या बोटांना अडकत होत्या.

"तुम्हीच लावा ना मग."

आवडाबाईंचा हात पुढे आला आणि मागे गेला. "नको. लोकं खानार हायत."

 समिधा चिकट बोटं धुवायला बेसिनवर गेली. तिथे लिंबाच्या सहा फाका पडलेल्या, पार साल फाटेस्तोवर पिळलेल्या. घरात लिंबू नव्हतं. म्हणजे ही बाई कोपरहून लिंबं घेऊन आलेली. वास जावा म्हणून बर्फाने आणि कोयत्याने चिरलेल्या हातांवर ती चोळलेली.

समिधा डोळे पुसून बाहेर आली आणि सलामीचं पाकीट सासूच्या ओंजळीत ठेवलं. "मी पंख बघते. खवलं तुमची."

मग ते हात असे चालले की बघत राहावं. शेपूट, पोट, मान. मनुकेचा डोळा आवडाबाईंनी उपटून टाकला. "मेल्या डोल्याचा मासा कोन घेतो?" तिथे ओलं काळं द्राक्ष बसवलं. सान्वी कधी दार उघडून मागे येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"आज्जी! हा श्वास घेतोय!"

सहाला पाच कमी असताना आवडाबाईंनी पिशवी उचलली. समिधाने ती हातातून काढून घेतली आणि कपाटात टाकली. तेवढ्यात बेल वाजली.

"माय गॉड!" क्षिप्रा पाटासमोर थबकली. "कुठून मागवलास?"

 या वेळी समिधा बोलली.

"मागवला नाही. सासूबाईंनी केला. मासळी विकतात त्या. खवलं त्यांना नाही कळणार तर कुणाला?"

 आवडाबाई पदराखाली हात लपवत होत्या. समिधाने तो हात बाहेर काढून आपल्या हातात धरला.

"आई, पहिला घास तुमच्या हातचा द्या यांना."

आवडाबाईंनी सुनेकडे बघितलं, मग क्षिप्राकडे. शेपटीची एक चकती उचलून पुढे धरली.

"घे गो. डोकं नाय मिलायचं, डोकं माज्या नातीचं."