योलिमाच्या सायकलवरची माझी जागा

मित्रांनो, मी एक जुनी, कुशीला पोचा पडलेली ॲल्युमिनियमची बाटली आहे आणि मी मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकते.

सात वर्षे मी डोंगरातल्या सोगामोसो गावच्या योलिमाच्या सायकलवर होते. तिची आई, दोन्या एल्विनिया, रोज सकाळी माझ्यात गुळाचे कढत पाणी ओतायची. चढावर घोट घेऊन योलिमा मला थोपटायची. "सुमेर्से आहात म्हणून निभतं." आमच्याकडे आईला, शेजारणीला, फार तर लाडक्या गाईला मायेने सुमेर्से म्हणतात. बाटलीला कोण म्हणते? मला म्हणायची.

पण योलिमा बुटकी, तिची सायकल लहान आणि मी उंच. मला काढताना तिचा गुडघा माझ्यावर आपटायचा. यंदा घाटाच्या शर्यतीत पहिल्या दहांत आली, तर तिला संघात जागा होती. म्हणून तिने घडी होणारी मऊ पिशवी आणली.

"रिकामी झाली की मुठीत मावते, आई."

"पाण्याची पिशवी म्हणे. मला तर गाईचं पोट वाटतंय."

योलिमा हसली. पिशवी पाठीवरच्या खिशात सारून तिने ती थोपटली. "चला, सुमेर्से."

माझा शब्द! माझ्यात त्या दिवसापासून कोथिंबिरीची जुडी.

शर्यतीच्या सकाळी आईने सवयीच्या हाताने पिशवीत कढत गूळपाणी ओतले. शिवण सैल पडताना मी पाहिली. मित्रांनो, मला बरे वाटले.

मग मलाही धुऊन, भरून, शालीत गुंडाळून आई कांद्याच्या ट्रकमधून घाटमाथ्यावर गेली. योलिमा आली ती पाठ चिकट, ओठ फाटलेले.

"पिशवी उसवली. कढत ओतलंत ना?"

"ओतलं. रोजचा हात, सुमेर्से."

आईने मला पुढे केले. योलिमा थांबून प्यायली, घटाघटा. तेवढ्यात एक मुलगी तिला मागे टाकून गेली.

योलिमा अकरावी आली.

त्या मुलीला मी अजून विसरले नाही. माझे ते बरे वाटणेही विसरले नाही.

आता नवी पिशवी आहे. तिच्यात गार पाणी असते. मी माथ्यावर आईच्या शालीत कढत गूळपाणी घेऊन वाट बघते. मित्रांनो, नवी वस्तू आणाल तेव्हा तिची रीत घरातल्या मोठ्यांनाही सांगा. आणि जुनीत कोथिंबीर खोचू नका.

पिशवी योलिमाच्या पाठीला बिलगून येते, तेव्हा मी अजून जळते. पण आधी तिची शिवण बघते.