रुक्मिणीआजीचे धवले आणि मी

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. कधीकाळी चंदेरी होतो, आता कोपरे घासून काळे पडले आहेत. भाईंदर पश्चिमेच्या एका फ्लॅटमध्ये, कपाटाच्या खणात, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, माझ्या गोष्टीत कौतुक फार थोडं आहे, आणि जे आहे तेही नको त्या कारणासाठी झालेलं.

मला घेतलं बाबुरावांनी. हे राई गावचे जुने आगरी. वडिलांचं मिठागर गेलं, भातशेतीवर इमारती उठल्या आणि बाबुराव बँकेत चिकटले. मुलाचं, भूपेशचं लग्न ठरलं होतं. लग्नाला फोटोग्राफर सांगितला होता, पण हळदीला घरचा कॅमेरा असावा असं त्यांच्या मनात आलं. खोक्यावर छापलेला मेगापिक्सेलचा भलामोठा आकडा बघून ते भाळले. दुकानदार म्हणाला, "ले जाओ सेठ, बच्चा भी चला लेगा." तो खोटं बोलला नाही, फक्त अर्धंच बोलला.

खरंच मला कोणीही चालवू शके. शर्टाच्या खिशात मावायचो, हातातून पडलो तरी रडायचो नाही, आणि पानाच्या टपरीवर मिळणारे साधे दोन सेल घातले की कामाला तयार. उन्हात काढलेले माझे फोटो आजही कोणी नावं ठेवू नयेत असे आहेत. बाकीचं ऐका. सेल मी बकाबका खायचो. बटण दाबल्यावर फोटो निघेपर्यंत माणूस हसून कंटाळायचा. अंधार पडला की मला दिसेनासं व्हायचं. आणि पैसे वाचवण्यासाठी बनवणाऱ्याने मला स्पीकरच दिला नव्हता. व्हिडिओ काढताना आवाज मी नीट टिपायचो, पण तो ऐकायचा तर मला कॉम्प्युटरला जोडावं लागे. हे सगळं माहितीपुस्तकात लिहिलेलं होतं. ते पुस्तक पहिल्याच दिवशी रद्दीत गेलं.

बाबुरावांची आई रुक्मिणीआजी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई म्हणजे भटजीच्या तोडीचा मान. तिच्या गाण्यावाचून हळद लागत नसे. आजूबाजूच्या गावांतून तिला बोलावणी यायची. भूपेशची बहीण हेमांगी तेव्हा कॉलेजात होती. तिला आजीचे धवले लिहून घ्यायचे होते, पण आजी घरात बसून एक ओळ म्हणेल तर शपथ.

"धवल्यात देवांना लग्नाला बोलावतान," ती म्हणायची. "मांडव न्हाय, नवरा न्हाय, आनि देव आले तर त्यांना काय सांगू? मस्करी केली म्हनून?"

म्हणून हेमांगी भावाच्या हळदीची वाट बघत होती. त्या संध्याकाळी ती मला घेऊन बायकांच्या मागे बसली. मांडवात एक पिवळा दिवा, तोही लांब. आजीने डोळे मिटून गायला सुरुवात केली. मला काही म्हणता काही दिसत नव्हतं. पण ऐकू सगळं येत होतं. गावदेवीपासून एकेका देवाला ती नावानिशी बोलावत होती, कोणाला घोड्यावरून, कोणाला होडीतून. आवाज चिरका होता, पण एक शब्द अडला नाही. माझ्या आयुष्यात एवढं मोलाचं काम मी दुसरं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूपेशला मित्रांबरोबर फोटो हवे होते. माझं मेमरी कार्ड भरलेलं. मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत तो कार्डावर जागा करायला बसला. व्हिडिओ उघडला, तर पडदा काळाकुट्ट आणि आवाज नाही.

"हे काय काढलंय हिने? काळंच आहे सगळं," तो पुटपुटला.

पुसू का, असं मी रीतीप्रमाणे विचारलं. तेवढंच मला विचारता येतं. त्याने हो म्हटलं, आणि आजीच्या जागी सहा मित्र दात काढून उभे राहिले.

यात कोणाला सांगण्यासारखं काही आहे, असं भूपेशला वाटलं नाही. बाबुरावांनी स्टुडिओतून कार्डाची सीडी करून आणली, ती कपाटात गेली. हेमांगी निश्चिंत झाली. माझा राग खरा इथे आहे. त्यानंतर आजी तिला कितीदा म्हणाली, "हेमा, डोंगरी गावाला हळद हाय. चल माझ्यासंगं. मागं बसून म्हनत जा, आपसूक येल."

"ऑफिस आहे गं आजी. आणि तुझं सगळं रेकॉर्ड केलंय मी. निवांत शिकेन."

आजी मग एकटीच रिक्षात बसून जायची. पुढे तिचे गुडघे गेले, मग आवाज गेला, आणि एका श्रावणात तीही गेली. घरात मोबाईल आले तसा मी खणात पडलो.

गेल्या वर्षी भूपेशच्या मुलीने, पिंकीने मला शोधून काढलं. "पप्पा, कसला भारी ब्लर येतो याला! आता हेच चाललंय सगळीकडे." ज्या आंधळेपणापायी माझ्या हातून घात झाला, त्याचं आता कौतुक. मला त्यात आनंद कसा वाटावा?

त्याच सुमारास हेमांगीच्या धाकट्या चुलतभावाचं, नीरजचं लग्न ठरलं. हेमांगीने सगळ्यांना सांगितलं, हळदीला आजीचे धवले होणार, मी शिकून म्हणणार. तिने सीडी लावली. मग माझं कार्ड काढून लॅपटॉपला जोडलं. पुन्हा पुन्हा बघितलं.

"दादा, हळदीचा व्हिडिओ कुठेय?"

"कुठला? एक काळा होता, तो मी तेव्हाच उडवला. बिघडलेला होता गं, आवाज पण नव्हता त्याला."

"आवाज नव्हता कसा? याला स्पीकरच नाहीये, दादा."

भूपेश मला हातात घेऊन उलटासुलटा करत राहिला. हेमांगी रडली नाही. लॅपटॉप मिटून ती आत गेली.

तरीही हळदीला ती मांडवात बसली. गावदेवीचं नाव घेतलं, दोन देवांना बोलावलं, आणि तिसऱ्यापाशी अडली. म्हाताऱ्या बायका थांबल्या. कोणालाच पुढचं येत नव्हतं, कारण सगळ्यांनी रुक्मिणीआजीवर सोडलेलं होतं. शेवटी कोणीतरी डीजेवाल्याला खूण केली.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझे सेल काढून ठेवा, असं या जागी मी सांगायला हवं. नका ठेवू. माझी काळजी घेऊन कोणाचं भलं झालेलं नाही. घरातलं म्हातारं माणूस 'चल' म्हणेल तेव्हा चपला घाला आणि निघा. हेमांगी माझ्या भरवशावर घरी राहिली.