आर, ए, एम

रोहिणीने सीपीयूचा पत्रा काढला, आतली हिरवी पट्टी उपसली आणि तिच्या पिवळ्या दातांवर खोडरबर घासू लागली. निम्मी यंत्रं एवढ्यावरच उठून बसतात.

"रॅम गेली असेल, मामा."

बाकावरचे आबासाहेब दचकले. "कोन गेला?"

रोहिणीने जीभ चावली. "रॅम म्हणजे ही पट्टी हो. आपल्या रामचं नव्हते म्हणत."

काष्टीतल्या या दुकानात ती आठ वर्षं यंत्रं दुरुस्त करत होती, पण हे यंत्र गिऱ्हाइकाचं नव्हतं, सोयऱ्याचं होतं. येत्या रविवारी तिच्या धाकट्या बहिणीचं, दिपालीचं, आबासाहेबांच्या थोरल्याशी, अंगदशी लग्न होतं. धाकटा राम गेल्या सप्टेंबरात शेततळ्यात पाय घसरून गेला. तेव्हा तिथे कुणी नव्हतं. अंगद पहाटेपासून घोडेगावच्या बाजारात म्हशी बघत हिंडत होता. "मी असतो तर" म्हणत तो साखरपुड्यातसुद्धा हमसून रडला. पोरगं मनाचं मऊ आहे, असं रोहिणीला तेव्हा वाटलं. आईबापामागे पोटच्या पोरीसारखी वाढवलेली बहीण तिने त्या रडण्यावर भुलून दिली म्हणा ना.

"देवकापाशी रामचा फोटू मांडायचा हाय," आबासाहेब म्हणाले. "त्याच्या मोबाईलमधलं समदं ह्यात भरून घेतलं हुतं. उघडायची छाती झाली न्हाई. परवा जेवताना म्हनलं, आता उघडू. तर दुसऱ्या दिशी हे बंद!"

रोहिणीने पट्टी बसवून बटण दाबलं. काळ्या पडद्यावर तीच पांढरी ओळ आली: सिस्टिमची फाईल सापडत नाही. तिने दुरुस्तीचा पर्याय दोनदा चालवला, यंत्राने दोनदा हात टेकले.

तेवढ्यात अंगदचा फोन आला.

"ताई, उगं शोधत बसू नका. डायरेक्ट फॉरमॅट मारा. व्हायरस हाय त्यात."

"आणि रामचे फोटो?"

"गेलं तर गेलं. लग्नघरात कशाला रडारड?"

"बघते," म्हणून तिने फोन ठेवला. मेली ज्याला त्याला फॉरमॅटची घाई!

तिने यंत्र आपल्या पेनड्राइव्हवरून सुरू केलं आणि आतली डिस्क उघडली. डिस्क धडधाकट होती, पण रिसायकल बिन तुडुंब भरलेला होता. रोहिणी थांबली. वीज जाऊन फाइली बिघडतात, व्हायरसनेही बिघडतात, पण त्या आपल्या पायांनी कचऱ्यात जाऊन बसत नाहीत. या कुणीतरी हाताने टाकल्या होत्या. परवा, रात्रीच्या जेवणानंतर, सगळ्या एकदमच.

प्रोग्रॅम. फ्रेमवर्क. पॅरामीटर. एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही. अधूनमधून 'राम दहावी', 'राम बैलजोडी', 'राम मोबाईल'.

तिने पडद्यावर बोट ठेवून यादी पुन्हा वाचली. प्रोग्रॅमच्या शेपटीला इंग्रजी आर, ए, एम. फ्रेमवर्कच्या पोटातही आर, ए, एम. पॅरामीटरमध्येही तीच तीन अक्षरं. कुणीतरी शोधाच्या चौकटीत रामचं नाव टाकलं होतं आणि जे जे समोर आलं ते ते सरसकट पुसलं होतं. रामला पुसता पुसता अख्खं यंत्र मारून ठेवलं होतं.

तिने हेडफोन कानाला लावले आणि 'राम मोबाईल'मधला शेवटचा व्हिडिओ उघडला. एकोणीस सप्टेंबर, सकाळचे अकरा वाजून बारा मिनिटं.

काठोकाठ भरलेलं शेततळं, काळा प्लॅस्टिकचा उतार, आणि रामचा हसरा आवाज: "दादा, लांब का हुबा? फोटूत ये की!" मग एक हात आडवा आला. त्या हातातलं चांदीचं कडं रोहिणीने साखरपुड्यात अंगदला अंगठी घालताना पाहिलेलं होतं. "बंद कर आधी ते," अंगदचा आवाज. चित्राला हिसका बसला, मोबाईल पडला, पुढे नुसतं आभाळ. पाण्याचा मोठा आवाज. मग "दादा". चार वेळा. पाचव्यांदा काहीच नाही. बांधावरून शांतपणे लांब जाणारी पावलं तेवढी ऐकू आली.

"गावलं का काय?" आबासाहेबांनी विचारलं.

तिने तोंड उघडलं तोच फोन पुन्हा वाजला.

"झालं का, ताई?" अंगदच्या मागे वारा घोंघावत होता, आणि वाऱ्यातून दिपालीचं हसणं. "ताई गं, यांनी शेततळं दाखवायला आणलंय! केवढं पाणी!"

टेबलाची कड रोहिणीने घट्ट धरली.

"झालं, अंगदराव. फॉरमॅट मारला. काही राहिलं नाही."

"रामचं बी?"

"कायसुद्धा नाही. दिपूला लगेच घेऊन या. चुडा भरायला कासारीण दुकानात येऊन बसलीय, कधीची खोळंबलीय."

अंगद हसला. "आलोच."

आबासाहेबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. "पोरी, त्याचा आवाज बी पुसलास?"

त्यांना सांगितलं तर ते तिथल्या तिथे ओरडतील, अंगदला फोन लावतील. दिपाली अजून पाण्याच्या काठी होती. म्हाताऱ्याचं रडणं रोहिणीने वीस मिनिटं ऐकून घेतलं. पाप लागलं तर लागो. तिने तो व्हिडिओ दोन पेनड्राइव्हवर उतरवला आणि एक कनवटीला खोचला.

मोटारसायकल थांबली. दिपाली उड्या मारत आत आली.

"कुठंय कासारीण?"

रोहिणीने तिचं मनगट धरून तिला टेबलामागे ओढलं.

"ताई, दुखतंय ना!"

अंगद उंबऱ्यावर चपला काढत होता. चेहरा कसा मोकळा, हसरा. रोहिणीने व्हिडिओ पहिल्यापासून लावला आणि हेडफोनची वायर उपटली.

"दादा, लांब का हुबा? फोटूत ये की!"

आबासाहेब ताडकन उठले. पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. डोळे पुसत ते लगबगीने दाराकडे वळले.

"आलास व्हय रे, राम?"

दारात अंगद उभा होता.