बिब्याचे हात

माझ्या सुनेचा, शैलश्रीचा भाऊ गुरुवारी तिला न्यायला येणार हे मला सोमवारी कळलं, तेही तिच्याकडून नाही. माझा मुलगा गुरुबसव गोठ्यात वैरण टाकता टाकता म्हणाला, "अव्वा, ती माहेरी कमठाण्याला जायलीय. माघारी येती का न्हाई, मला ठाव न्हाई."

"भांडलात का?"

"भांडण झालं असतं तर बरं हुतं."

लग्नाला आठ महिने झाले होते. दिवाळीपर्यंत दोघांचं हसणं मला ओसरीवर ऐकू यायचं. मग ते बंद झालं. सून आखडून चालायची, बसताना भिंतीला हात टेकायची. मी मनात म्हणायची, शिकलेली पोर, नाजूक आहे.

मंगळवारी सकाळी ती परसात चुलीवर कडुनिंबाचा पाला उकळत होती. मी जवळ जाऊन बसले.

"अंग खाजायलंय का?"

तिनं चुलीत एक काटकी सारली.

"चार बाळंतपणं झालीत माझी. माझ्यापुढं कामून लाजायलीस?"

तेव्हा ती बोलली, चुलीकडं बघत. नवरा जवळ आला की एक-दोन दिवसांनी खाली आग सुरू होते. सूज येते, मांड्यांवर पाण्यानं भरलेले फोड उठतात. लघवीला बसलं तरी डोळ्यात पाणी. पंधरा दिवसांनी कुठं निवतं, की परत तेच.

"आधी असं हुत नव्हतं, आत्याबाई. दिवाळीनंतर सुरू झालं. ते कारखान्यावर ऊस घेऊन जातात, तीन-तीन दिवस तिकडंच राहतात. कुठं जाऊन आले ते त्यांनाच ठाव. मला रोग दिलाय त्यांनी."

मला आधी राग आला. मग भीती वाटली, कारण तारखा जुळत होत्या. दिवाळीनंतरच तोड सुरू होते, ट्रॅक्टरची रांग लागते, आणि त्या रांगेत बायकोशिवाय बाप्ये पडून असतात.

गुरुबसवला मी सरळ विचारलं. त्यानं गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. "अव्वा, मी कुठंच गेलो न्हाई."

शपथ खाणारे बाप्ये मी पुष्कळ बघितलेत. मी म्हणाले, "उद्या भालकीच्या दवाखान्यात चल. दोघं बी चला. खरं काय ते डॉक्टरीणबाई सांगतील. तुझ्यात निघालं, तर मीच तिला तिच्या भावाच्या, भीमण्णाच्या गाडीत बसवून देते."

बुधवारी एसटीत सून खिडकीशी बसली, मी मध्ये, आणि मुलगा मागं उभा. जागा होती तरी बसला नाही.

डॉक्टर विजयश्रीबाई वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी सुनेला आत नेऊन तपासलं, मग आम्हाला बोलावलं.

"मला हा बाहेरून आणलेला रोग वाटत न्हाई," त्या म्हणाल्या. "अंगाला काहीतरी सोसंना झालंय. साबण बदलला का?"

"न्हाई."

"निरोध वापरता?"

गुरुबसव छताकडं बघत म्हणाला, "न्हाई."

"दोघांपैकी कुणी कसलं औषध लावतं? मलम, तेल?"

"न्हाई," तिघंही एकदम म्हणालो.

बाईंनी रक्त तपासायची चिठ्ठी लिहिली आणि गुरुबसवपुढं धरली. त्यानं हात पुढं केला. बाईंनी चिठ्ठी सोडली नाही.

"बोटाच्या भेगांत हे काळं काय हाय?"

"ते व्हय? बिबा."

"बिबा! अन् मी औषध विचारलं तर न्हाई म्हणालात!"

"बिबा औषध कुठं हाय, बाई," मी म्हणाले. "मीठ-मिरचीसारखा घरात असतोय."

"लावतं कोण?"

"मी."

उसाच्या पाल्यानं हात फाटतात. तोडीच्या दिवसांत दर रविवारी दिवेलागणीला मी बिब्याला सुई टोचून दिव्यावर धरते आणि त्याचं गरम तेल मुलाच्या भेगांत सोडते. तो दहा वर्षांचा होता तेव्हापासून. त्याला कधीच उतला नाही. कुणाकुणाच्या अंगावर बिबा उततो, फोड येतात, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण ज्याला लावला त्याचंच मी बघत आले. तो हात पुढं कुठं फिरतो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बाईंनी सुनेला विचारलं, "आंब्याचा चीक लागून कधी तोंड सुजलं हुतं का?"

"व्हय, ल्हानपणी. डोळे सुद्धा उघडत नव्हते."

"बिबा आंब्याच्याच कुळातला. ज्याला एक सोसंना, त्याला दुसरा बी सोसत न्हाई."

रक्त दोघांचंही घेतलं आणि दुपारपर्यंत बसवून ठेवलं. काही निघालं नाही. बाईंनी गोळ्या आणि मलम दिलं. बिबा घरातनं काढा, अंथरूण-पांघरूण धुवा, आणि महिनाभर लांब राहा, असं बजावलं.

स्टँडवर आलो तर सून नवऱ्यापुढं उभी राहिली. "मी तुमच्यावर आळ घेतला."

"घेतला खरा," गुरुबसव म्हणाला. "अव्वावर घ्यायला पायजे हुता."

तिला आधी हसू आलं आणि मग रडू. मी मुलाच्या पाठीत एक धपका घातला. माझ्या छातीवरचं ओझं त्या धपक्याबरोबर उतरलं. येताना त्या दोघांना एका सीटवर बसवलं आणि मी मागं बसले.

गुरुवारी उजाडताच बिब्याची पुरचुंडी लांब खड्ड्यात पुरली. आता मेण आणि तेल कढवून भेगांत भरते.

दहाच्या सुमाराला भीमण्णा जीप घेऊन आला. बहिणीची पिशवी कुठं दिसेना, म्हणून दारातच थांबला.

"मी येत न्हाई, अण्णा," शैलश्री म्हणाली. "बिबा उतला हुता. दवाखान्यात जाऊन आलो. आता उतार हाय."

"बिबा? तुला कुणी लावला बिबा?"

सून खाली बघायला लागली. गुरुबसव पाणी आणतो म्हणून आत पळाला. उरले मी.

"मीच लावला, बाबा," मी म्हणाले.

मग भीमण्णानं मला अर्धा तास सुनावलं. जुन्या बायका ऐकत नाहीत, आमची पोर शिकलेली, तिच्या अंगावर असले प्रयोग करायचे नाहीत. मी मान खाली घालून व्हय, व्हय म्हणत राहिले. शैलश्री त्याला भाकरी वाढत होती, आणि तोंडात कोंबलेल्या पदराआड हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.