गुलाबी पाण्याचा न्याय

बायकांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात त्या सकाळी अशी गर्दी लोटली होती, की सलाइनच्या स्टँडलाही उभं राहायला जागा उरली नव्हती. टाके घातलेल्या बायका पोट धरून, नातेवाईक डबे धरून आणि वॉर्डबॉय स्ट्रेचर अर्ध्यात सोडून एका काचेच्या वाडग्याकडे बघत होते. वाडग्यात पाणी होतं; शेजारी त्याच पाण्याचे आणखी दोन वाडगे भरून ठेवले होते. ते पाणी म्हणे माणसाच्या हातातला दोष ओळखायचं.

त्याचं असं झालं. गेल्या आठवड्यात एका पेशंटच्या पोटात रक्त टिपायच्या गॉजचा तुकडा राहिला. पोट पुन्हा उघडावं लागलं, बिचारी वाचली. त्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये एकट्याच सिस्टर रात्रपाळी संपवून तशाच दिवसपाळीला उभ्या होत्या, कारण बदलीला माणूसच नव्हतं. कुणीही शहाण्याने आणखी सिस्टर नेमल्या असत्या. अधीक्षकसाहेबांनी हातातला दोष काढणारा 'स्पंदनगुरू' नेमला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

खिडकीजवळच्या खाटेवर शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांच्या पित्ताशयातले खडे उद्या निघायचे होते आणि गॉज मोजायला याच सिस्टर उभ्या राहणार होत्या. त्यामुळे बाईंचं अर्धं लक्ष वाडग्यात आणि अर्धं स्वतःच्या पोटात होतं.

"थकवा नावाची वस्तूच जगात नाही!" रेशमी सदऱ्यातले गुरू गरजले. "थकवा म्हणजे अणूंचा रुसवा! अणू रुसला की हात चुकतो. बघा!"

त्यांनी स्वतःचा हात बुडवला. पाणी नितळ. अधीक्षकांनी बोटं बुडवली. पाणी नितळ. साहेबांची छाती फुगली.

"आता सिस्टर. बेसिनवरून सरळ इकडे या. हात पुसू नका, ऊर्जा ओलाव्यातून वाहते."

सिस्टरने हात बुडवले आणि पाणी गुलाबी झालं. वॉर्डभर "अगं बाई!" उमटलं. मग गुरूंनी बाटलीतून 'शांतिजल' शिंपडलं, मनगटावर दोरा बांधला. रंग गेला.

"दोष निघाला," अधीक्षक खूश होऊन म्हणाले. "आता दुहेरी पाळीला कुरकुर नको. उद्याही तुम्हीच उभ्या राहा."

सिस्टर औषधाची गोळी द्यायला बाईंजवळ आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "माझेच हात वाईट असतील हो बाई. नोकरी सोडते. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर?"

बाईंनी तिचा हात धरला. भेगाळलेला, अजून बुळबुळीत. त्यांनी वास घेतला आणि त्यांना हसूच फुटलं.

"बेसिनवर कुठला साबण आहे गं?"

"पातळ साबण संपलाय. कपड्यांची वडी ठेवलीय. धड खळबळायलाही वेळ मिळत नाही."

बाई उठल्या. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज त्यांनी आजारपणातही शाबूत ठेवला होता. "साहेब, जरा त्या वडीने हात धुऊन या. आणि पुसू नका, ऊर्जा वाहू द्या!"

"मी? कशाला?"

"का? पेशंट तपासताना धुता ना?" कुणीतरी खिदळलं. साहेब निमूट बेसिनवर गेले. परत येऊन दुसऱ्या वाडग्यात हात बुडवले, आणि पाणी गुलाबी!

"अरे बापरे, साहेबांचेही अणू रुसले," एक म्हातारी म्हणाली.

"आता सिस्टर, तू साध्या पाण्याने हात चांगले खळबळ आणि तिसऱ्या वाडग्यात घाल." पाणी नितळच राहिलं. गुरू घाईघाईने बाटली झोळीत टाकायला गेले. बाईंनी ती काढून हुंगली. "लिंबू! पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन आहे. माझी नववीची मुलं हाच प्रयोग करतात. साबण लागला की गुलाबी, लिंबू पडलं की रंग गायब. फक्त ती दक्षिणा घेत नाहीत."

गुरूंना तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला. ते फोन कानाला लावून जे गेले, ते गेलेच.

"म्हणजे काय झालं, कळलं का?" बाई वॉर्डाकडे वळल्या. आता त्यांना खरंच संताप आला होता. "ज्यांनी हात धुतले ते दोषी ठरले आणि ज्यांनी हात झटकले ते निर्दोष! गॉज राहिला तो झोप न झाल्यामुळे. झोपेला दोरा बांधता येत नाही. चमत्कार दिसला की आधी विचारा, यात फायदा कुणाचा?"

"पण उद्याचं ऑपरेशन?" अधीक्षक पुटपुटले. गुलाबी बोटं त्यांनी पाठीमागे लपवली होती.

"उद्या नाही. ही पोरगी आज घरी जाऊन झोपणार. तुम्ही मोजणीला जोडीदारीण शोधा. माझे खडे इतकी वर्षं थांबलेत, आणखी थोडं थांबतील."

नातेवाईकांनी डबे खाली ठेवले आणि अधीक्षकांना घेरलं. इतक्या जवळून प्रश्न त्यांना कधी कुणी विचारले नव्हते. दुपारपर्यंत दुसऱ्या विभागातून एक सिस्टर मिळालीही. मिळत नव्हती ती शोधत नव्हते म्हणून.

दोन दिवसांनी थिएटरच्या दिव्याखाली बाई आडव्या झाल्या. दोघी सिस्टर मोठ्याने गॉज मोजत होत्या. बाईंनी मान वळवली.

"झोप झाली का गं?"

"झाली, बाई. पोटभर."

"मग आता मी झोपते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी भूल घ्यायला हात पुढे केला.