घोंगडीवरची जागा

बेचाळीसची चळवळ पेटली आणि कोंडाणे गावातली निम्मी गडीमाणसं गावाजवळच्या डोंगरातल्या लेण्यांच्या वरच्या रानात दडली. सरकार त्यांना शोधून दमलं. बायजाला मात्र ती रोज सापडायची, कारण त्यांची भाकरी तिच्या डोक्यावर असायची. टोपलीच्या तळाला भाकऱ्या, वर विळा नि दोर, म्हणजे बाई मोळीला निघालीय असं वाटावं.

तिला एकच हवं होतं, घोंगडीवर जागा. त्या घोंगडीवर बसून गडी सगळं ठरवायचे आणि बायजा पळसाखाली उभी राहायची.

शेवटी तिनं म्होरक्यालाच गाठलं. म्होरक्या म्हणजे तिचा थोरला दीर, मालोजी. "भावजी, पोलिसांची खबर मी आणते. मंग ठरवताना मला का नाय इचारत?"

मालोजी मिशीत हसला. "बायजे, सुराज्य आलं का बायकांचंबी बघू. तंवर भाकरी जरा पातळ थाप."

तिचा नवरा सहदेव घोंगडीची लोकर उपटत राहिला.

दुसऱ्या दिवशी टोपलीतून तांदळाचं पीठ निघालं, परात निघाली, तवा निघाला. "घ्या, थापा पातळ," म्हणून बायजा उतरणीला लागली.

गड्यांनी उकळत्या पाण्याऐवजी गार पाण्यातच पीठ मळलं. पहिली भाकरी तव्याला चिकटली ती निघेचना. दुसरी मालोजीनं रागानं भिरकावली. ती घरंगळत जाऊन एका रानडुकराला लागली, आणि ते पार भिवपुरीपर्यंत लंगडत गेलं. ज्यांनी पाहिलं ते अजून शपथ घेतात.

पण ओली लाकडं घातलेल्या त्या चुलीचा धूर सरळ आभाळात चढला. खाली गावात घोड्यावर बसलेल्या फौजदारानं तो बघितला आणि शिपायांना हाक दिली.

बायजानंही बघितला. ती राबावर होती. पुढल्या सालचा चैत्र सरत आला होता. भाताचं रोप टाकायच्या जागी घरोघर पालापाचोळा नि शेण पसरून तयार होतं, फक्त पेटवायचं बाकी. कधी पेटवायचं ते गावकीतले गडी ठरवत.

"आत्याबाय, राब पेटवा," तिनं बांधापलीकडच्या सासूला सांगितलं.

"गावकीनं परवाच्याला पेटवायचा सांगितलाय गं," चंद्राबाई म्हणाली.

"गावकी डोंगरात धूर करून बसलीय. ती बघा."

चंद्राबाईनं वर बघितलं. दोन्ही लेक तिथंच होते. तिनं काडी ओढली. तिचा बघून शेजारणीनं पेटवला, तिचा बघून पुढचीनं. बघता बघता असा धूर झाला की कशेळ्याच्या बाजारात दिवसा कंदील लागले. शिपायांनी एका म्हशीला सलाम ठोकला, फौजदाराला आपलाच घोडा सापडेना. धूर विरला तेव्हा डोंगरावरची चूल कधीच विझली होती.

सकाळी बायजा वर गेली. काळ्याठिक्कर तोंडांनी गडी उपाशी बसले होते.

"राब पेटवायचं ठरवलं कोनी?" मालोजीनं विचारलं.

"आमी. बांधावर. घोंगडी नव्हती म्हनून काय आडलं नाय."

सहदेवला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. मालोजीनं घोंगडी चाचपली. "जागा नाय गं बायजे."

"मंग तुमी उठा. परातीपाशी जागा रिकामीच हाय."

मालोजी उठला आणि परातीपाशी जाऊन बसला. बायजा त्याच्या जागी मांडी घालून बसली. "पानी आदी उकळू द्या, भावजी," तिनं सांगितलं, आणि मग बैठकीकडे वळली. "पयलं हे ठरवू. उद्यापासून भाकरी भावजींनी थापायची. कबूल आसंल त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले. मालोजीचे तेवढे खाली राहिले, मनगटापर्यंत पिठात.