खऱ्या काट्यावरचे चार किलो

“चरबी म्हणजे मागच्या जन्मीची न जळलेली पापं!” अशी गर्जना करून अग्निमहाराज खुर्चीतून उठले आणि खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. दोन शिष्यांनी ती मागून ओढून काढली. “खुर्चीलासुद्धा विरह सोसवत नाही हो,” पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

शेवटच्या रांगेत काटेवाला बसला होता. वजनकाटे दुरुस्त करणं हा त्याचा तीस वर्षांचा धंदा; एकही काटा त्याने कधी खोटा लावला नव्हता. मंचावरचा काटाही त्यानेच तपासून सील केलेला. महाराज तो मुद्दाम दाखवत, “आमच्यावर विश्वास ठेवू नका, या सीलवर ठेवा!”

लोक ठेवत. काटेवाल्याच्या बायकोनेही ठेवला. मागच्या शिबिरात तीन दिवसांत तिचे चार किलो उतरले, आणि तिने मधुमेहाच्या गोळ्या महाराजांच्या पायाशी ठेवून दिल्या. तेव्हापासून तोंडाला कोरड आणि दर तासाला लघवीला धाव. “चरबी वाहून चाललीय,” ती कौतुकाने सांगे. आज ती पुन्हा नाव घालायला आली होती.

काटेवाल्याने तो काटा तीनदा उघडून पाहिला होता. लोहचुंबक नाही, शिसं नाही, काही नाही. काटा धुतल्या तांदळासारखा. म्हणून आज तो काट्याकडे न बघता माणसांकडे बघत बसला. येणाऱ्या प्रत्येकाला आधी चार पेले खारट ‘अग्नितीर्थ’, मग वजन. पुढचं बायकोकडून ऐकलेलं: तीन दिवस तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये घाम. धान्य बंद, मीठ बंद, वर जुलाबाचा काढा. शेवटी पुन्हा वजन, आणि पाणी त्यानंतरच.

तो उठून सरळ मंचावर गेला.

“महाराज, मलाही साधना करायचीय. एका मिनिटाची.”

तो काट्यावर चढला. एकसष्ट किलो. तीर्थाचा लिटरभराचा जग त्याने उभ्या उभ्या रिकामा केला. बासष्ट.

“बघा, एका मिनिटात किलोभर पाप चढलं!”

लोक हसले. महाराजही हसले, पण उशिरा.

“काटा खराच आहे,” काटेवाला म्हणाला. “पण त्याला चरबी ओळखता येत नाही, नुसता भार कळतो. येताना तुम्हाला पाजून तोलतात, जाताना वाळवून. धान्य बंद केलं की अंगात साठवलेली साखर संपते, तिने धरून ठेवलेलं पाणीही जातं. चरबी आपली जागच्या जागी. घरी जाऊन दोन दिवस जेवलात की सगळं परत.”

मग एक लठ्ठ कापडदुकानदार उभा राहिला. “म्हणजे सगळं पाप पाण्यातच आहे की!”

“तेच तर आम्ही सांगत होतो!” महाराज उसळले. “पुढचं शिबिर निर्जळ!”

नावं घालायला झुंबड उडाली. कुणीतरी काटेवाल्याची पाठ थोपटली, “तुमच्यामुळे गुपित कळलं हो.”

तो बायकोला तिथूनच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी रक्त तपासलं आणि कपाळाला हात लावला. “गोळ्या बंद केल्या, म्हणून साखर लघवीवाटे पाणी घेऊन बाहेर पडतेय. ही साधना नाही, बाई, ही झीज आहे. असंच चाललं तर आधी डोळे जातील, मग मूत्रपिंडं.”

“आणि वजन?” बायकोने विचारलं.

“सहा महिन्यांत चार किलो उतरले तरी खूप. त्यातलं काही परत येईल. खाणं कमी केलं की शरीरही खर्च कमी करतं, कंजूस असतं ते. तुमचा दोष नाही त्यात.”

डॉक्टरीणबाई खरं बोलत, म्हणून त्यांच्याकडे गर्दी नसे.

घरी आल्यावर बायको पलंगाच्या कडेवर बसली. तळहातावर गोळी होती.

“डोळ्यांनी पाहिलंस ना?” तो म्हणाला. “कुणाचंही ऐक, माझंसुद्धा, पण आधी तपासून बघ. एवढंच म्हणतो मी.”

“पाहिलं. पटलंही,” ती म्हणाली. “पण अहो, वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला म्हणालं होतं, उतरलीस.”

तिने पाण्याचा पेला उचलला, थांबली.

“घेते मी गोळी. पण आपल्या घरचा काटा तेवढा चार किलो मागे लावून द्याल?”